मुलं, आई आणि कुत्रा, सगळ्यांना घेऊन पायी कुठे जाता येईल? (पुणे-सातारा परिसर)

मृण्मयी_के

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचते आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

आमच्या घरात सहा जीव आहेत. मी, नवरा, दहा वर्षांची मुलगी, सहा वर्षांचा मुलगा, माझी आई (वय ६८, डाव्या गुडघ्याची कुरकुर) आणि तांबू. तांबू देशी आहे, तीन वर्षांचा. पावसात आमच्या पार्किंगमध्ये येऊन बसला तो आमचाच झाला. स्वभावाने गरीब, पण कोंबडी दिसली की त्याला काही सुचत नाही.

हवंय ते असं: पुण्याहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल, चार-पाच किलोमीटर चालता येईल, चढ फार नसेल, आणि शेतं, ओढा, झाडं दिसतील. गड नको, आईला जमणार नाही. रिसॉर्टही नको. आतापर्यंत दोनदा जाऊन हात हलवत परत आलोय. एकदा लोहगडाच्या पायथ्याशी 'कुत्रा चालणार नाही' म्हणाले. दुसऱ्यांदा एका 'पेट फ्रेंडली' शेतघरावर गेलो, तर तिथे तांबूला दिवसभर साखळीला बांधून ठेवा म्हणाले. तो भुंकून भुंकून दमला आणि मुलं रडकुंडीला आली. मग उपयोग काय?

तुम्ही सगळे कुठे जाता?

घाटवाटा

धागा आवडला. आधी लोहगडाचं सांगतो. तिथल्या माणसांवर राग धरू नका, त्यांचं बरोबर आहे. लोहगड, विसापूर, भाजे, कार्ले, बेडसे ही सगळी केंद्रीय पुरातत्त्व खात्याची संरक्षित स्मारकं. १९५९ च्या नियमांनुसार तिथे प्राणी नेता येत नाहीत. त्यात २०२५ मध्ये लोहगड जागतिक वारशाच्या यादीत गेलाय, म्हणजे आता जास्तच कडक असणार.

भीमाशंकर, ताम्हिणी ही अभयारण्यं आहेत. तिथेही कुत्रा नेऊ नका. तिकीटखिडकीवर कुणी अडवलं नाही म्हणून चालतं असं नाही.

तुमच्यासाठी राजमाचीचं नाव घेतो, पण लोणावळ्याहून नाही, ती वाट एका बाजूने पंधरा-सोळा किलोमीटरची आहे. जीपने थेट उधेवाडीत उतरा, गाडी गावातच सोडा आणि उदयसागर तलावापर्यंत रमतगमत जा. तलावाजवळ गोधनेश्वराचं जुनं मंदिर आहे, झाडी आहे, आई सावलीत बसू शकतील. श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन्ही बालेकिल्ले खालून बघायचे. गावात सांगून ठेवलं की पिठलं-भाकरी मिळते.

बेसनलाडू

उधेवाडीच्या पिठल्याला +१. आमच्या लॅब्रॅडॉरने तिथे चार भाकऱ्या खाल्ल्या. काकूंनी पैसे तीनच भाकऱ्यांचे घेतले, चौथी 'त्याच्या आवडीची' म्हणून.

मुळशीकर

मी जरा वेगळं बोलणार आहे, राग मानू नका.

आमचं गाव मुळशी धरणाच्या मागच्या बाजूला. आमच्या पणजोबांचं मूळ गाव पाण्याखाली गेलं. सेनापती बापटांचा १९२१ चा सत्याग्रह शाळेत सगळेच वाचतात, आमच्या घरी तो जेवताना निघतो. बाहेरून येणाऱ्यांकडे आमची माणसं जरा सावध नजरेने का बघतात, ते यावरून ध्यानात यावं.

दोन वर्षांपूर्वी आवणीच्या दिवसांत एक कुटुंब गाडीतून उतरलं आणि दोन मोठे कुत्रे मोकळे सोडले. ते थेट खाचरात. आदल्या दिवशी लावलेलं रोप, अजून मूळही धरलेलं नाही, त्यात हे दोघे लोळले. चुलती ओरडत बांधावर आली तर ती माणसं फोटो काढत होती. 'अहो, खेळतायत हो ते' असं ते लोक म्हणाले. मग कुत्र्यांनी मोर्चा वळवला आमच्या शेळीकडे. गाभण होती. पळता पळता दगडावरून पडली आणि चार दिवसांनी गाभडली. तोवर ते लोक केव्हाच निघून गेले होते. कुणाला विचारायचं?

शहरातल्या माणसाला ते 'निसर्ग' दिसतं. आमचं ते दुकान आहे आणि कारखानाही. दुकानात शिरताना विचारतात ना? तेवढं विचारा, एवढंच म्हणणं आहे.

मृण्मयी_के

मुळशीकर, वाचून फार वाईट वाटलं. तुम्ही लिहिलंत हे बरं झालं. तांबूचा पट्टा आम्ही सोडत नाही, पण खाचराच्या बांधावरून चालायला विचारावं लागतं हे खरंच डोक्यात आलं नव्हतं. बांध म्हणजे वाट असंच वाटायचं.

सातबारा_काका

नोकरीत असताना तीस वर्षं गावनकाशे उलगडले आणि घडी घातले, म्हणून या प्रश्नाचं उत्तर मी देतो.

बांध ही वाट नाही. बांध दोन शेतांच्या मधली हद्द आहे आणि तो त्या दोन खातेदारांचा असतो. वहिवाटीने लोक जातात, तो त्यांचा आपसातला मामला. सार्वजनिक वाट हवी असेल तर गावनकाशा बघा. दोन तुटक रेषा असतील तर तो गाडीमार्ग, एक तुटक रेष असेल तर पायमार्ग. हल्ली सगळे ज्याला पाणंद म्हणतात तो हाच. पुष्कळ पाणंदी अतिक्रमणाने बुजल्या होत्या. आता सरकारच्या शेत-पाणंद रस्त्यांच्या योजनेतून काही मोकळ्या झाल्या, मुरूम पडला, बैलगाडी जाईल एवढ्या रुंद झाल्या.

पाणंदीसारखी चालायला दुसरी जागा नाही. दोन्ही बाजूंना करंज, बोर, निवडुंग, घाणेरी, वर होल्यांचं घुमणं. चढ नाही, कारण बैलाला चढवेल एवढाच चढ त्या वाटेला असतो. मृण्मयीताई, तुमच्या आईंच्या गुडघ्यालाही तो झेपेल.

रानटिटवी

काकांचा प्रतिसाद जपून ठेवला. 'बैलाला चढवेल एवढाच चढ', आता मला दरवेळी हे आठवणार.

यॉर्कशायरची_मावशी

काकांचं वाचून इथून लिहावंसं वाटलं. आम्ही गेली चौदा वर्षं इंग्लंडात, यॉर्कशायर डेल्सच्या कडेला राहतो. इथे प्रत्येक गावातून अशाच पायवाटा जातात आणि त्या सरकारी नकाशावर हिरव्या तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात. वाट थेट शेतातून, कधी कुणाच्या अंगणाला घासून जाते आणि त्यावरून चालायचा हक्क कुणालाही असतो. दगडी गडगा ओलांडायला दगडाच्याच पायऱ्या बसवलेल्या असतात. आमचा कुत्रा म्हातारा झाल्यापासून त्या पायऱ्यांवरून त्याला उचलून घ्यावं लागतं.

पण हक्काबरोबर शिस्तही आहे. मोकळ्या माळांवर १ मार्च ते ३१ जुलै या काळात कुत्रा दोन मीटरपेक्षा लांब नसलेल्या पट्ट्यावरच हवा, कारण तेव्हा जमिनीवर घरटी करणारे पक्षी अंड्यांवर असतात. मेंढ्यांच्या जवळ तर बारा महिने पट्टा. मेंढ्यांच्या मागे लागलेल्या कुत्र्याला दुसरा उपाय नसेल तर शेतकऱ्याने गोळी घातली, तरी कायदा त्याची बाजू घेऊ शकतो. पहिल्या वर्षी ते ऐकून मी हादरले होते. पुढे एकदा शेजारच्या शेतकऱ्याची फाडलेली मेंढी पाहिली, त्यानंतर नाही हादरले.

एक सल्ला मात्र उलटा आहे, तो लक्षात ठेवा. गाई अंगावर आल्या तर पट्टा सोडून द्यायचा. त्यांचा राग कुत्र्यावर असतो, माणसावर नसतो. कुत्रा पळून सुटतो, पट्टा धरून ठेवलेला माणूस तुडवला जातो. वासरं बरोबर असतील तर मुळात लांबूनच वळसा घालावा.

इथे राहूनही मला इथल्या मालमच्या चुनखडीच्या कड्यापेक्षा आमच्या भोरकडच्या पाणंदीच जास्त आठवतात हेही सांगते.

मुळशीकर

मावशी, म्हशीचंही अगदी तसंच. व्यालेल्या म्हशीसमोर कुत्रं नेऊ नये. आमच्याकडे पोरांना हे शाळेत जायच्या आधी शिकवतात.

भटक्या८२

माझं मत थोडं वेगळं आहे. कायम पट्ट्यावर कुत्रा म्हणजे त्याची फिरस्ती कसली? सुगीनंतर मोकळ्या माळरानावर, जिथे पीक नाही, गुरं नाहीत, तिथे सोडायला काय हरकत आहे? सासवड, सुपे, दौंड या बाजूला मैलोनमैल मोकळा माळ पडलाय. माझी कुत्री तिथे धावते तेव्हा तिचं अंग बघण्यासारखं असतं.

रानटिटवी

भटक्या, तिथेच तर सोडू नका, अगदी कळकळीने सांगते.

तो माळ 'पडलेला' नाही. मी दहा वर्षं पक्षी बघायला तिथे जाते. चिंकारा, लांडगा, कोल्हा, खोकड हे सगळे त्याच माळावर राहतात. सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य चिंकाऱ्यासाठीच आहे, आणि चिंकारा अभयारण्याची कुंपणं बघून चरत नाही. कुत्रा मागे लागला की तो जीव तोडून पळतो. उन्हाळ्यात पोटात पाडस असताना ती पळापळ त्याच्या जिवावर बेतते.

दुसरं म्हणजे रोग. डिस्टेंपर, रेबीज कुत्र्यांकडून लांडग्या-कोल्ह्यांत जातात. पुण्याच्या माळांवर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचंही जनुकीय तपासणीतून दिसलंय. आधीच मूठभर उरलेल्या जनावरावर हे आणखी एक संकट.

आणि टिटवी. माझं टोपणनाव उगाच नाही. ती ढेकळांत चार अंडी घालते, मातीच्याच रंगाची. पाऊल पडेपर्यंत दिसत नाहीत. मी एकदा गुडघ्यावर बसून पाहिली होती: टोकं आत वळवून फुलाच्या पाकळ्यांसारखी मांडलेली, खाली फक्त चार खडे. नर-मादी डोक्यावर घिरट्या घालून इतकी ओरडत होती की मी मागच्या पावली परत फिरले.

बेसनलाडू

टिटवीने उंचवट्यावर अंडी घातली की त्या वर्षी पाऊस जास्त, असं आजोबा सांगायचे. कुणी पडताळून पाहिलंय का?

सातबारा_काका

आमच्या गावात अजून पाहतात. नदीच्या पात्रात घातली की दुष्काळ. खरं-खोटं टिटवीला माहीत, पण त्या निमित्ताने माणसं वाकून जमिनीकडे बघतात एवढं नक्की.

भटक्या८२

रानटिटवी, चिंकाऱ्याचं मला माहीत नव्हतं. यापुढे त्या बाजूला दहा मीटरची लांब दोरी वापरेन. ती धावेलही आणि हातातही राहील. धन्यवाद.

जुन्नरची_लेक

आमच्या बाजूला (जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर) येणार असाल तर बिबट्याचं भान ठेवा. कुत्रा हे त्याचं आवडतं खाद्य. उसाच्या कडेची वाट टाळा, ऊसतोड चालू असेल तिथे तर अजिबात जाऊ नका, कारण उसात पिल्लं असतात. सकाळी नऊच्या आधी आणि दुपारी चारनंतर कुत्रा आणि लहान मुलं घेऊन शेतात फिरू नये. घाबरवायला सांगत नाही, आम्ही रोज तिथेच राहतो. पण आम्हीसुद्धा मुलांना एकटं सोडत नाही.

गोठ्यातला_डॉक्टर

मी पशुवैद्य. धागा चांगला चाललाय, म्हणून दवाखान्यात वारंवार दिसणाऱ्या गोष्टी सांगतो.

कुसळं. ऑक्टोबर ते जानेवारी गवत वाळलेलं असतं, त्या काळात सहलीवरून आलेले निम्मे कुत्रे माझ्याकडे कुसळ घेऊन येतात. कुसळाला एका बाजूला टोक आणि अंगावर उलटे केस, त्यामुळे ते फक्त पुढेच सरकतं. कानात गेलं तर कुत्रा सारखं डोकं झटकतो. बोटांच्या बेचक्यात शिरलं तर दोन दिवसांनी तिथे फोड येतो आणि तो चाटत बसतो. घरी आल्यावर लगेच कान, बोटं, काखा, जांघा बोटांनी चाचपा. गोचीडही तिथेच सापडतात. गोचीडताप हलक्यात घेऊ नका. भूक मेली, हिरड्या पांढऱ्या पडल्या की त्याच दिवशी रक्त तपासा.

ऊन. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, तो जिभेवाटे धापा टाकून गार होतो. कातळावर किंवा डांबरावर उलटा तळहात ठेवून सात आकडे मोजा. तुम्हाला धरवला नाही तर त्याच्या पंजालाही सोसणार नाही. पग आणि तत्सम चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर मार्च ते मे बाहेर काढूच नका.

साप चावला तर आवळून बांधू नका, चिरू नका, कुत्र्याला चालवू नका. उचलून थेट दवाखाना गाठा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्या विषावरची माणसांची लस (चावल्यानंतर देतात ते प्रतिविष) कुत्र्यालाही चालते. जायच्या आधी फोन करून ती कुठे आहे ते विचारून ठेवा.

मुळशीकरांच्या शेळीवरून आठवलं. कुत्र्याची विष्ठा गवतात, चाऱ्यात राहिली तर निओस्पोरा नावाच्या परजीवीमुळे गाई-म्हशी गाभडू शकतात. 'गावात काय, शेणच शेण असतं' असं म्हणून लोक उचलत नाहीत. शेण आणि ही विष्ठा यात फार फरक आहे. पिशवी न्या, उचला, शहरात परत आणून टाका.

रेबीज आणि लेप्टोची लस दर वर्षी, हे वेगळं सांगायला नकोच.

कुंदा_वहिनी

डॉक्टर, निओस्पोराचं पहिल्यांदाच ऐकलं. आमच्या सोसायटीच्या गटावर पाठवते.

मला कालव्याबद्दल सांगायचंय. कालव्याच्या कडेचा रस्ता सपाट असतो, गाड्या नसतात, म्हणून आम्हीही तिथे जायचो. गेल्या हिवाळ्यात आमची चिंगी पाणी प्यायला वाकली आणि घसरून आत पडली. कालवा सिमेंटने बांधलेला, बाजू उतरत्या आणि शेवाळलेल्या. पोहत होती, पण कडेला येऊन नखं रोवली की परत खाली घसरायची. पाणी ओढतच होतं. हे काठाने पळत होते, मी नुसती हाका मारत होते. दोनशे पावलांवर गाळ काढायच्या पायऱ्या होत्या म्हणून वाचली. तिथे यांनी पालथं पडून तिच्या छातीपट्ट्याला हात घातला. गळ्यातला पट्टा असता तर फास बसला असता, किंवा निसटून आला असता.

तेव्हापासून छातीपट्टाच, आणि पाठीवर धरायला मूठ असलेला. भरल्या कालव्याच्या कडेने लहान मुलंही नेऊ नका.

मृण्मयी_के

वहिनी, अंगावर काटा आला. आजच छातीपट्टा मागवला.

मंडळी, केवढं शिकायला मिळतंय. पण आता एक नाव सांगाच. पुढच्या रविवारी जायचंय. राजमाचीची जीप आईला फार धक्के देईल असं वाटतं.

सातबारा_काका

वाईला जा. ढोल्या गणपतीचं दर्शन घ्या, गाडी वाईतच ठेवा आणि मेणवलीपर्यंत चाला. तीन किलोमीटरच्या आसपास. आजूबाजूला मळे, हळद, ऊस, आणि वाटेत कृष्णेची सोबत. मेणवलीत नाना फडणवीसांचा वाडा आणि मागे घाट. घाटावरच्या छोट्या देवळात वसईच्या मोहिमेतून आलेली मोठी घंटा टांगलेली आहे, मुलांना ती दाखवा. वाड्यात एकेकाने जा, कुत्रा बाहेर दुसऱ्याजवळ. दमलात तर परतीला रिक्षा करा. दम उरला तर गाडीने पुढे धोमला जा. तिथला नंदी दगडी कासवाच्या पाठीवर बसलाय.

जुन्नरची_लेक

ऊस म्हणालात काका, म्हणून परत सांगते: दुपारी चारच्या आत मागे फिरा.

घाटवाटा

अनुमोदन. आणि नंतर कधी तरी सोनोरीचा मल्हारगड ठेवा. पेशवाईत पानशांनी बांधलेला, अगदी छोटा, अर्ध्या-पाऊण तासाचा चढ. मुलं वर जातील, आई गावात थांबतील. सीताफळाचे आणि अंजिराचे दिवस असतील तर पुरंदरला जायला निमित्तही लागत नाही.

मृण्मयी_के

*(आठ दिवसांनी)*

धागा वर काढते. जाऊन आलो!

सकाळी साडेसातला वाईत होतो. आईने गणपतीपुढे बसून अथर्वशीर्ष म्हटलं, तोवर तांबू आणि नवरा बाहेर नदीकाठी. मग चालायला लागलो. पहिला अर्धा किलोमीटर गाड्यांचा त्रास झाला, पुढे मळ्यात शिरल्यावर शांत. मुलाने हळदीचं पान चोळून वास घेतला आणि ओरडला, 'आई, पातोळ्या!' आजीच्या नागपंचमीच्या पातोळ्यांचा वास त्याला तिथे सापडला.

एका वळणावर शेळ्या होत्या. मुळशीकर, तुमची आठवण झाली. आम्ही लांबच थांबलो, तांबूला आखूड धरला आणि राखणाऱ्या आजींना हाक मारली, 'जाऊ का हो पुढे?' त्या म्हणाल्या, 'थांबा जरा, एक कालच व्यालीय.' त्यांनी शेळ्या बोरीखाली वळवल्या, मग आम्हाला हात केला. आई त्यांच्याशी बोलत तिथेच दहा मिनिटं टेकली. गुडघ्याला निर्गुडीचा पाला बांधायचा सल्ला आणि ओटीभर बोरं घेऊन निघाली.

घाटावर मुलं घंटेखाली उभी राहून वर बघत होती. तांबू पायरीवर बसून पाण्यातले मासे बघत राहिला, चक्क पाऊण तास, एकदाही भुंकला नाही. परतताना आई रिक्षात बसेल असं वाटलं होतं, पण ती चालत आली. एकूण साधारण सहा किलोमीटर. मागच्या तीन वर्षांत ती एवढी चाललेली नाही.

डॉक्टर, घरी आल्यावर चाचपलं. उजव्या पुढच्या पायाच्या बेचक्यात एक कुसळ, नुकतंच टोचायला लागलेलं. आईने चष्मा लावून तिच्या भुवयांच्या चिमट्याने काढलं. तांबूने हूं की चूं केलं नाही, तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपला. एरवी ती त्याला पलंगावर चढू देत नाही.

मुळशीकर

ताई, आमच्याकडे या. भात झोडून झाला की खाचरं मोकळी असतात, गावामागच्या पाणंदीने धरणाच्या पाण्यापर्यंत मीच घेऊन जातो. इंद्रायणीचा नवा तांदूळ असेल. तांबूलाही आणा, फक्त चुलतीच्या कोंबड्या त्या दिवशी डालून ठेवायला सांगतो.

गोठ्यातला_डॉक्टर

बेचक्यात दोन दिवस मिठाचं कोमट पाणी लावा. सूज दिसली तर दाखवा.

कुंदा_वहिनी

मुळशीकर, आम्ही आलो तर चालेल का? चार माणसं आणि चिंगी.

मुळशीकर

या की. आधी दोन दिवस सांगा म्हणजे झालं.